जुन्या गाडीच्या इंजिनचं उघडं ॲल्युमिनियम: सफाई कशी करायची, पावसाळ्यात कसं सांभाळायचं

जुन्या फियाट ११०० किंवा पद्मिनीच्या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा असतो आणि हेड, म्हणजे सिलिंडरांवर बसणारं झाकण, ॲल्युमिनियमचं. बिडाला कारखान्यातच रंग मिळतो, ॲल्युमिनियम मात्र उघडंच सोडलेलं असतं. हेड, थर्मोस्टॅटचं एल्बो, डायनॅमो किंवा अल्टरनेटरची टोकं, गिअरबॉक्सचं कव्हर असे कितीतरी भाग रंगाविना वर्षानुवर्षं चालतात. जग्वारच्या जुन्या सहा सिलिंडर इंजिनांवरची कॅम कव्हर्स आणि बुलेटची इंजिन कव्हर्स तर मुळातच पॉलिश करून दिलेली असायची.

नाशिकमध्ये या उघड्या धातूला तीन गोष्टी सोसाव्या लागतात. जूनपासून सप्टेंबरपर्यंतची ओल, बाकीच्या महिन्यांतली धूळ, आणि दिंडोरी, निफाड, पिंपळगाव बसवंत या द्राक्षपट्ट्यात शेडमध्ये फवारणीच्या सामानाशेजारी उभ्या केलेल्या गाड्यांच्या बाबतीत मोरचूद, म्हणजे बुरशीसाठी फवारायचं कॉपर सल्फेट. तरीही खराब झालेली हेड आणि कव्हर्स नीट तपासली तर बहुतेकांचं नुकसान ना ओलीने केलेलं असतं ना धुळीने. ते साफ करताना झालेलं असतं. कॉस्टिकने काळं पडलेलं, तारेच्या ब्रशने ओरबाडलेलं, हवेच्या दाबाने मारलेल्या वाळूच्या ब्लास्टिंगने पोत गेलेलं हेड पुन्हा मूळ रूपात आणता येत नाही. म्हणून सगळ्यात सौम्य उपायापासून सुरुवात करायची, आणि तो पुरा पडत नाही असं दिसलं तरच पुढच्या उपायाकडे वळायचं.

हा धातू वागतो कसा

हवा लागताक्षणी ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर चढतो. तो जेमतेम दोन ते पाच नॅनोमीटर जाडीचा असतो, पण घट्ट आणि पारदर्शक असतो, आणि खरडला तर लगेच पुन्हा तयार होतो. उघडं ॲल्युमिनियम टिकतं ते याच थरामुळे. साधारण ४ ते ९ पीएचच्या दरम्यान हा थर शाबूत राहतो. त्याच्या खालच्या ॲसिडमध्ये आणि वरच्या अल्कलीमध्ये तो विरघळतो आणि आतला धातू उघडा पडतो.

दुसरी गोष्ट म्हणजे इंजिनाचे भाग शुद्ध ॲल्युमिनियमचे नसतात. ओतकाम नीट व्हावं म्हणून त्यात सिलिकॉन बरंच मिसळलेलं असतं. कॉस्टिक लागलं की ॲल्युमिनियम विरघळतं, सिलिकॉन आणि इतर धातू मागे राहतात आणि भाग काळा-करडा पडतो. हा काळेपणा म्हणजे मळ नव्हे, म्हणून साबणाने तो जात नाही.

तिसरी गोष्ट, लोखंड किंवा तांबं ॲल्युमिनियमला चिकटून असेल आणि मध्ये ओल असेल, तर ॲल्युमिनियम खाल्लं जातं आणि दुसरा धातू सुरक्षित राहतो. बोल्टच्या डोक्याभोवती पांढरा भुगा जमतो तो याच कारणाने.

आधी धातू ओळखा

इंजिनावर दिसणारा प्रत्येक चंदेरी भाग ॲल्युमिनियमचा नसतो. लोहचुंबक चिकटला तर प्रश्न मिटला, ते पोलाद किंवा बीड आहे. चिकटला नाही तर वजनावरून अंदाज घ्या. कार्ब्युरेटरची बॉडी बहुधा जस्ताच्या मिश्रधातूची असते आणि तेवढ्याच आकाराच्या ॲल्युमिनियमपेक्षा ती सुमारे अडीचपट जड लागते. जस्त ॲसिडला आणखी हळवं असतं. म्हणून हेडसाठी केलेल्या सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात कार्ब्युरेटर टाकू नये. त्याला फक्त कार्ब क्लीनर आणि मऊ ब्रश पुरतो.

खरा धोका मॅग्नेशियमचा आहे. फोक्सवॅगन बीटलची क्रँककेस मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची आहे, हेड मात्र ॲल्युमिनियमचं. शंका असेल तर आतल्या, न दिसणाऱ्या जागी थोडा धातू खरडून त्यावर व्हिनेगरचा एक थेंब टाका. मॅग्नेशियमवर लगेच बुडबुडे येतात, ॲल्युमिनियमवर थेंब शांत पडून राहतो. तपासून झालं की ती जागा पाण्याने पुसून कोरडी करा. मॅग्नेशियमला कुठलंही ॲसिड लावायचं नाही, आणि त्याचा कीस पेटू शकतो म्हणून ग्राइंडर किंवा बफिंगही करायचं नाही.

मूळ फिनिश काय होतं तेही आत्ताच ठरवा. ओतीव भागावर बारीक रवाळ पोत असतो, मशीनिंग केलेल्या जागी समांतर रेषा दिसतात, पॉलिश केलेला भाग गुळगुळीत असतो. जो भाग कारखान्यातून रवाळ आला तो रवाळच ठेवावा, असं आमचं ठाम मत आहे. फियाटचं हेड आरशासारखं चमकवलं तर ते चुकीचं दिसतंच, शिवाय ओतकामाची वरची घट्ट कातडी निघून जाते आणि तिच्याखालची बारीक छिद्रं उघडी पडतात. त्या छिद्रांत तेल आणि ओल शिरते, आणि पुढच्या वर्षी डाग आधीपेक्षा लवकर येतात.

शेवटचं, आधीच्या मालकाने वरून क्लिअर लॅकर मारलंय का ते बघा. कापसाच्या बोळ्यावर थिनर घेऊन एका कोपऱ्यात घासा. बोळा पिवळट चिकट झाला तर लॅकर आहे, आणि ते पूर्ण काढल्याशिवाय पुढची कुठलीच पायरी नीट लागणार नाही.

काय वापरायचं नाही

कॉस्टिक सोडा, धुण्याचा सोडा, नाली मोकळी करायची पावडर, आणि डब्यावर सोडियम किंवा पोटॅशियम हायड्रॉक्साइड लिहिलेला कुठलाही किचन क्लीनर वापरायचा नाही. कॉस्टिक ॲल्युमिनियमवर पडलं की फसफसतं. तो फेस मळ निघाल्याचा नसतो, धातू विरघळून हायड्रोजन बाहेर पडत असतो, आणि हायड्रोजन पेटतो.

टॉयलेट क्लीनरमध्ये हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. त्यातलं क्लोराइड ऑक्साइडचा थर ठिकठिकाणी फोडतं आणि तिथे खोल खड्डे पडतात. चिंच आणि पितांबरी तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी ठीक, इंजिनासाठी नाही. ॲसिड आणि भुकटी ओतीव छिद्रांत अडकून राहते आणि पुढे कित्येक दिवस धातू खात बसते.

मुंबई-आग्रा महामार्गावरच्या वॉशिंग सेंटरमध्ये गाडी देणार असाल तर बॉनेटखाली काय मारणार आहेत ते आधी विचारा. ट्रकच्या ॲल्युमिनियमच्या बॉडी आणि टाक्या उजळायला जे 'ब्राइटनर' विकले जातात त्यांत काही वेळा हायड्रोफ्लुओरिक ॲसिड किंवा त्याचे क्षार असतात. त्याने धातू दोन मिनिटांत पांढराशुभ्र होतो आणि पोत कायमचा मारला जातो. माणसाला त्याचा धोका याहून मोठा आहे. हे ॲसिड कातडीतून आत जातं, दुखणं उशिरा सुरू होतं, आणि तोवर आतल्या ऊतींना आणि हाडांना इजा झालेली असते. असा डबा घरी आणूच नये. चुकून अंगावर उडालंच, तर भरपूर पाण्याने धुऊन, दुखायची वाट न पाहता दवाखाना गाठायचा आणि डबा डॉक्टरांना दाखवायचा.

पोलादी तारेचा ब्रश आणि स्टील वूल, दोन्हीचे कण धातूत रुततात आणि पहिल्या पावसात तांबूस ठिपके उमटतात. हिरवा किचन स्क्रबरही या कामाला फार खरबरीत आहे.

सामान

एका चार सिलिंडर हेडच्या बाहेरच्या सफाईसाठी साधारण एवढं लागतं:

- मिनरल टर्पेंटाइन, १ लिटर. पेट्रोल नाही. त्याची वाफ लांबवर पसरते आणि एका ठिणगीने पेटते.
- भांड्यांचा सौम्य लिक्विड साबण, १०० मिली.
- सायट्रिक ॲसिड, म्हणजे किराणा दुकानात मिळणारं लिंबूसत्त्व, १०० ग्रॅम.
- बॅटरीत घालायचं पाणी, ५ लिटरचा कॅन. बोअरचं पाणी बहुधा जड असतं आणि सुकल्यावर पांढरे डाग सोडतं, म्हणून शेवटची धुलाई याच पाण्याने करायची.
- नायलॉनचे ब्रश: एक जुना दात घासायचा, एक बाटलीचा, एक रंगाचा इंचभर रुंदीचा.
- नायलॉनचे घासायचे पॅड, मरून आणि करड्या रंगाचे, दोन-दोन. मरून जाड, करडा बारीक.
- बांबूच्या कामट्या किंवा आइस्क्रीमच्या काड्या.
- नायट्राइल हातमोजे, चष्मा, सुती फडके, प्लास्टिकच्या पिशव्या, रबर बँड.

गाडीवरच सफाई करताना

इंजिन पूर्ण थंड हवं, हात ठेवून खात्री करा. गरम ॲल्युमिनियमवर गार पाणी पडलं तर हेड अचानक आणि असमान आकुंचन पावतं. हेडला आधीच बारीक तडा असेल तर तो वाढू शकतो. शिवाय गरम धातूवर प्रत्येक रसायन जास्त जोराने चालतं आणि सुकून डाग पाडतं.

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. एअर क्लीनर काढून कार्ब्युरेटरच्या तोंडात स्वच्छ फडका भरा आणि वरून पिशवी बांधा. डिस्ट्रिब्युटर, कॉइल, डायनॅमो यांनाही पिशव्या. स्पार्क प्लग काढायचे नाहीत. ते जागेवर असले म्हणजे भोकं बंद राहतात. मात्र प्लगभोवतीच्या खळग्यातली धूळ कम्प्रेसरच्या हवेने आधीच उडवून टाका.

आधी कोरडं काम. जाड तेलकट थर कामटीने खरवडा. पोलादी पातं वापरू नका, गास्केटच्या जागी तर मुळीच नाही. तिथे पडलेली एक ओढ, म्हणजे ओरखडा, पुढे पाण्याची किंवा तेलाची गळती होते.

मग टर्पेंटाइन. रंगाच्या ब्रशने वरून खाली लावा, पंधरा-वीस मिनिटं मुरू द्या, दात घासायच्या ब्रशने फिन आणि कोपरे घासा, फडक्याने टिपून घ्या. जुना जळका थर एका वेळेत निघत नाही. दोन-तीनदा करावं लागतं, आणि पहिल्या फेरीनंतर कंटाळून कडक रसायनाकडे वळण्याचा मोह इथेच होतो. तो आवरा. तिसऱ्या फेरीत बहुतेक थर सुटतो. भिजलेले फडके झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाका.

तेल गेल्यावर साबण. एक लिटर कोमट पाण्यात १५ मिली लिक्विड साबण, ब्रशने फेस करून घासा आणि धुवा. प्रेशर वॉशर वापरू नका. त्याचं पाणी डिस्ट्रिब्युटरमध्ये, डायनॅमोच्या बेअरिंगमध्ये आणि प्लगच्या खळग्यात घुसतं. दोन लिटरच्या बाटलीच्या बुचाला भोकं पाडून ओतलेलं पाणी पुरतं. शेवटचा हात बॅटरीच्या पाण्याचा.

लगेच हवा मारा, खासकरून बोल्टच्या डोक्यांभोवती आणि फिनच्या तळाशी. मग पिशव्या काढा, कार्ब्युरेटरच्या तोंडातला फडका काढायला विसरू नका, बॅटरी जोडा आणि इंजिन दहा-पंधरा मिनिटं चालवा, म्हणजे छिद्रांतलं पाणी उडून जाईल. ओला भाग तसाच रात्रभर ठेवला तर सकाळी पांढऱ्या रेषा दिसतात.

बहुतेक गाड्यांचं काम इथेच संपायला हवं. करडा, एकसारखा, मंद दिसणारा धातू हा निरोगी धातू आहे. तो अजून पांढरा करायची गरज नाही.

पांढरा भुगा आणि डाग

एल्बोच्या तोंडाशी, होज क्लिपखाली, बोल्टभोवती पांढरा भुगा असेल तर आधी तो कोरड्या ब्रशने झाडा आणि खाली किती खोल खड्डा आहे ते बघा. होज बसायच्या जागेवर नख अडकेल एवढा खड्डा असेल तर क्लिप कितीही आवळली तरी पाणी झिरपणार. तो भाग बदलायचा, किंवा वेल्डिंगने भरून लेथवर घासून घ्यायचा.

खड्डे नसतील तर एक लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम लिंबूसत्त्व विरघळवा. ब्रशने डागावर लावा, पाच मिनिटं ओलं ठेवा, करड्या पॅडने हलकं घासा, भरपूर पाण्याने धुवा. गरज वाटली तर आणखी एकदा, पण एका वेळी दहा मिनिटांपेक्षा जास्त नाही आणि सुकू द्यायचं नाही. एका कोपऱ्यात आधी करून बघा. रंग शेजारच्या जागेपेक्षा वेगळा आला तर पूर्ण भाग एकसारखा करावा लागेल.

बॅटरीजवळच्या भागांवर सल्फ्युरिक ॲसिडच्या वाफेचे डाग असतात. तिथे लिंबूसत्त्व नाही. अर्धा लिटर पाण्यात एक मोठा चमचा खायचा सोडा घालून लावा, फसफस थांबली की लगेच धुवा. खायचा सोडा सौम्य असतो, धुण्याचा सोडा नव्हे. दोन्ही डबे एकाच फळीवर असतील तर चिठ्ठी वाचून घ्या.

मोरचुदाचे डाग

द्राक्षबागेतल्या शेडमधून बाहेर काढलेल्या गाडीसाठी हे वेगळं लिहायला हवं, कारण इतर डागांचे उपाय इथे पुरत नाहीत. बोर्डो मिश्रण म्हणजे मोरचूद आणि चुना. एक टक्क्याच्या मिश्रणात शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि साधारण तेवढाच चुना असतो. दोन्ही ॲल्युमिनियमचे वैरी, पण वेगवेगळ्या तऱ्हेने. चुना अल्कली आहे, तो ऑक्साइडचा थर विरघळवतो. मोरचुदातलं तांबं उघड्या पडलेल्या धातूवर जाऊन बसतं, आणि तांब्याचा तो प्रत्येक कण ओल आली की भोवतीचं ॲल्युमिनियम खायला लागतो. फवारणी थांबून दोन वर्षं झाली तरी पावसाळ्यात खड्डे वाढत राहतात ते यामुळे.

वर निळसर-हिरवट पापुद्रा दिसतो. तो मास्क लावून कोरडाच कामटीने आणि ब्रशने काढा, उडालेली भुकटी कागदावर गोळा करा. मग साबणाच्या पाण्याने दोनदा धुवा. सुकल्यावर उजेडात भिंगाने बघा. तांबूस ठिपके दिसले तर ते धातुरूप तांबं आहे, लिंबूसत्त्वाने ते जाणार नाही. मरून पॅडवर साबणाचं पाणी घेऊन ठिपके पूर्ण जाईपर्यंत घासा, मग करड्या पॅडने पोत मिळवून घ्या. खड्ड्याच्या तळाशी तांबं उरलं तर भाग इंजिनवरून उतरवून अंबड किंवा सातपूरमधल्या प्लेटिंगच्या वर्कशॉपमध्ये द्या. नायट्रिक ॲसिडच्या टाकीत तांबं विरघळतं आणि ॲल्युमिनियमला फारसं काही होत नाही. हे घरी करायचं काम नाही, त्याच्या वाफा विषारी असतात. देण्याआधी त्यातले पोलादी स्टड काढा.

गाडी तिथेच राहणार असेल तर इंजिनावर ताडपत्री टाकण्यापेक्षा मोरचुदाची पोती आणि फवारणीचा ब्लोअर दुसरीकडे हलवणं जास्त कामाचं. ताडपत्रीखाली ओल कोंडते.

ब्लास्टिंगला देताना

भाग पूर्ण उतरवलेला असेल आणि हाताने भागत नसेल तरच ब्लास्टिंग. वाळूचं नाही. ती पोत फाडते, धातूत रुतते, आणि तिची धूळ कारागिराच्या फुप्फुसात जाऊन सिलिकोसिस करते. अंबड-सातपूर एमआयडीसीत चौकशी करताना 'ग्लास बीड' (काचेचे बारीक मणी) किंवा पाण्यासोबत मारायचं 'व्हेपर ब्लास्टिंग' असं नाव घेऊन विचारा. ग्लास बीडसाठी हवेचा दाब ४० ते ६० पीएसआय पुरे. त्याच मशीनमध्ये आधी गंजलेलं लोखंड मारलेलं असेल तर मणी बदलून घ्या, नाहीतर लोखंडाचे कण तुमच्या हेडवर येतील. व्हेपर ब्लास्टिंगचा पोत मूळ ओतकामाच्या सगळ्यात जवळचा दिसतो, आणि पैसे खर्चायचेच असतील तर ते इथे खर्चावेत.

काचेचे मणी तेलाच्या वाटांमध्ये अडकले तर इंजिन सुरू होताच बेअरिंगमध्ये पोहोचतात. म्हणून तेलाच्या वाटांचे प्लग आधी काढून ठेवा आणि भोकं रबरी बुचांनी बंद करून द्या. परत आल्यावर प्रत्येक वाटेतून बाटलीचा ब्रश आणि गरम साबणाचं पाणी दोनदा, मग दोन्ही बाजूंनी हवा. आट्यांमधून टॅप (आटे पाडायचं अवजार) हाताने फिरवून काढा. शेवटी पांढरा फडका तारेला गुंडाळून आतून ओढा. त्यावर एकही चमकता कण दिसला तर पहिल्यापासून धुवा. फिरत्या मशीनवरच्या खरबरीत पॅडने गास्केटची जागा घासण्याचंही हेच, त्याचे झडलेले कण तेलात जातात.

पॉलिश

फक्त मुळात पॉलिश असलेल्या भागांसाठी. वॉटर पेपर ४०० पासून ६००, ८००, १०००, १५०० असे, दर वेळी दिशा काटकोनात बदलून आणि आधीच्या ओढी पूर्ण गेल्यावरच पुढचा नंबर. मग सिसलच्या चाकावर तपकिरी साबण (पॉलिशची वडी), सुती चाकावर पांढरा. लोखंडासाठी वापरलेलं चाक ॲल्युमिनियमला लावू नका. ओढी तर पडतातच, पण ॲल्युमिनियमची धूळ आणि लोखंडाचा गंज एकत्र साचून ठिणगी पडली तर भडका उडतो. मशीनखालची धूळ रोज काढायची.

संरक्षण

स्वच्छ केलेला धातू उघडाच ठेवला तर चालतं का? कोरड्या गॅरेजमध्ये, नियमित चालणाऱ्या गाडीला, चालतं. नाशिकच्या पावसाळ्यात उभ्या गाडीला चालत नाही. इगतपुरी-त्र्यंबकेश्वरच्या बाजूला तर मुळीच नाही.

सगळ्यात जास्त मागणी क्लिअर लॅकरला असते आणि इंजिनावर तेच सगळ्यात आधी फसतं. गुळगुळीत ॲल्युमिनियमवर लॅकर नीट धरत नाही. धरावं म्हणून एच (etch) प्राइमर, म्हणजे धातूला किंचित खाऊन पकड देणारा पहिला हात, लावावा तर तो पारदर्शक नसतो, म्हणून लॅकर थेट धातूवर मारलं जातं. पाना लागून एक टवका उडाला की तिथून ओल आत शिरते आणि लॅकरखाली किड्यासारख्या पांढऱ्या नागमोडी रेषा पसरतात. त्या काढायला सगळं लॅकर उतरवावं लागतं. साध्या ॲक्रिलिक लॅकरवर पेट्रोल सांडलं तर ते मऊ पडतं. उष्णतेपासून दूर असलेल्या, वारंवार पाना न लागणाऱ्या कव्हरवर हार्डनर मिसळायचं टू-के क्लिअर टिकू शकतं, पण ते बूथमध्ये, योग्य मास्क लावून मारायचं काम आहे.

अनोडायझिंग, म्हणजे टाकीत विजेने जाड ऑक्साइड चढवणं, ओतीव भागांवर काळपट आणि डागाळ येतं, सिलिकॉनमुळे. शिवाय एखादा पोलादी स्टड किंवा गाइड आत राहिला तर टाकीत तो खाल्ला जातो. क्लासिक गाडीच्या हेडसाठी आम्ही ते सुचवत नाही.

खड्डे पडून रूप गेलेलंच असेल तर उष्णता सोसणारा ॲल्युमिनियम पेंट हा प्रामाणिक पर्याय आहे. ग्लास बीड मारलेल्या, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलेल्या भागावर दोन पातळ हात द्या, आणि डब्यावर लिहिलेल्या तापमानाला भाजून घ्या. न भाजलेला पेंट पेट्रोलने निघतो.

उरतो तो साधा उपाय, ऋतूप्रमाणे बदलायचा पातळ लेप. चांगल्या स्थितीतल्या उघड्या धातूसाठी आमची पसंती यालाच.

मे महिन्याच्या शेवटी, पहिल्या पावसाआधी, वर सांगितल्याप्रमाणे धुऊन कोरडं करा आणि एसीएफ-५० किंवा लॅनोलिनवर आधारलेलं गंजरोधक फडक्यावर घेऊन अगदी पातळ पुसा. अख्ख्या हेडला चमचाभर पुरतं. डोळ्याला ओलं दिसलं तर जास्त झालं, कोरड्या फडक्याने टिपा. बोल्टची डोकी, फिनचा तळ आणि दोन धातू जुळतात त्या रेषा सोडू नका, ओल तिथेच थांबते. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, बेल्ट आणि रबरी होज यांना मात्र लागू देऊ नका. इंजिन पहिल्यांदा गरम झाल्यावर थोडा धूर आणि वास येतो, तो हवेशीर जागी जाऊ द्या. ऑगस्टच्या मध्यावर पुन्हा एक हात. डब्ल्यूडी-४० पाणी हटवायला चांगलं, पण त्याचा थर काही आठवड्यांतच उडून जातो, पूर्ण पावसाळा त्याच्यावर काढता येत नाही.

ऑक्टोबरमध्ये तो लेप टर्पेंटाइन आणि साबणाने काढून टाका. तेलकट थर उन्हाळ्यात ठेवला तर धूळ चिकटून लगदा होतो आणि तो लगदाच ओल धरतो. कोरड्या महिन्यांत गिअरबॉक्स, टायमिंग कव्हर अशा कमी तापणाऱ्या भागांना मायक्रोक्रिस्टलाइन वॅक्सचा पातळ हात पुरे. हेडला वॅक्स नको. तिथे तापमान नव्वद-शंभर अंशांपर्यंत जातं, वॅक्स वितळून खाली ओघळतं. हेड त्या दिवसांत उघडं आणि स्वच्छ ठेवावं.

बोल्ट

झिंक प्लेटिंग केलेले पोलादी बोल्ट ॲल्युमिनियमला स्टेनलेसपेक्षा बरे. स्टेनलेस दिसायला छान, पण ओलीत भोवतीचं ॲल्युमिनियम जास्त खातात. लावायचेच असतील तर आट्यांना निकेल किंवा ॲल्युमिनियमचं अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट) लावा, तांब्याचं टाळा. मात्र वंगण लावलेल्या आट्यांवर तोच टॉर्क बोल्टला जास्त ताण देतो. हेड बोल्टच्या बाबतीत मॅन्युअल जे सांगेल तेच.

बोल्ट अडकला असेल तर पेनिट्रेटिंग ऑइल घालून रात्रभर ठेवा, मग भोवतीचं ॲल्युमिनियम हीट गनने शंभर-सव्वाशे अंशांपर्यंत तापवा. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, म्हणून पकड सैल होते. गॅसची ज्योत नको. ॲल्युमिनियम लाल न होताच ६०० अंशांच्या आसपास वितळायला लागतं, डोळ्याला काही कळत नाही.

प्लग गरम हेडमधून काढायचे नाहीत. १४ मिमीचे वॉशरवाले प्लग ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये २५ ते ३० न्यूटन-मीटरला बसवतात, त्याहून जास्त आवळले तर आटे निघून येतात.

आतली बाजू

बाहेरून उजळलेलं हेड आतून पाण्याने खाल्लं जात असेल तर वरची सगळी मेहनत वाया. पद्मिनीत अजूनही अनेक जण नळाचं किंवा बोअरचं पाणी घालतात. त्यातले क्षार आणि क्लोराइड ॲल्युमिनियमच्या वाटा कुरतडतात, आणि ब्लॉक बिडाचा असल्याने दोन धातूंची जोडी तयार होतेच. थर्मोस्टॅटचं एल्बो काढून बघा. आत पांढरा चिकट गाळ असेल, भिंत कागदासारखी पातळ झाली असेल, तर हेडच्या आतही तेच चाललंय असं समजा.

सिस्टिम साध्या पाण्याने दोनदा फ्लश करा, तिसऱ्यांदा बॅटरीच्या पाण्याने. मग इथिलिन ग्लायकॉलचं, ॲल्युमिनियम आणि पितळी रेडिएटर दोन्हींना चालणारं हिरवं कूलंट डब्यावरच्या प्रमाणात, साधारण ३० ते ५० टक्के, बॅटरीच्या पाण्यात मिसळून भरा. नाशिकला गोठण्याची भीती नाही, कूलंट हवं ते त्यातल्या गंजरोधकासाठी. ते झिजत जातं, म्हणून दर दोन वर्षांनी बदला.

भरल्यानंतर मल्टीमीटरने एक मोजमाप घ्या. निगेटिव्ह अर्थ असलेल्या गाडीत काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हला आणि लाल पिन रेडिएटरच्या तोंडातून फक्त कूलंटमध्ये बुडवा, धातूला टेकू देऊ नका. इंजिन थंड असतानाच झाकण उघडून, इग्निशन बंद ठेवून एकदा आणि दिवे व हीटर लावून एकदा मोजा. ०.३ व्होल्टपेक्षा जास्त आलं तर वीज कूलंटमधून वाट काढते आहे. इंजिन आणि बॉडीमधली अर्थची पट्टी काढा, दोन्ही टोकं पॉलिश पेपरने चकचकीत करा, आवळा आणि पुन्हा मोजा.